चोवीस नंबरचं भगदाड

अमेरिकन फुटबॉलमधलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या कॅन्ससमधल्या ब्रूनर गावात कुणालाच कळत नाही, असं माझं अगदी प्रामाणिक मत होतं. कोचना पगार मिळतो म्हणून त्यांना थोडंफार कळतं, पण मला आतून कळतं. त्यातही माझा खास विषय म्हणजे पासचा बचाव. समोरचा क्वार्टरबॅक चेंडू हातानं लांब फेकतो, त्यांचा एखादा हरणासारखा गडी तो झेलायला सुसाट सुटतो, आणि आपला कॉर्नर, म्हणजे कडेचा राखणदार, त्याला गोचिडासारखा चिकटून राहतो की मधेच गळून पडतो, एवढंच बघायचं. पब्लिक चेंडूकडे बघतं. मी गोचिडाकडे बघतो. हा फरक आहे.

तर ऐका. आमच्या कॉलेजच्या सामन्यांचं धावतं वर्णन गावच्या रेडिओवर बर्लकाका टटल करतात. मी जन्मायच्या आधीपासून करतात. आवाज असा की थंडीत ट्रॅक्टर सुरू होतोय की काय असं वाटावं. बूथमध्ये त्यांच्या शेजारी बसून मधेमधे शहाणपणाचं बोलणारा जो माणूस होता, तो नोकरी लागून विचिटाला गेला. खुर्ची रिकामी! मी त्याच दिवशी काकांना गाठलं.

"काका, ती खुर्ची मला द्या."

"तुला काय येतं रे नोलन?"

"पासचा बचाव जोखता येतो."

"ते तर माझ्या बायकोलाही येतं," काका म्हणाले. "बरं, असं कर. बुधवारच्या कार्यक्रमात दहा मिनिटं घे. आपल्या बचावाचं माप काढून दाखव. लोकांचे फोन आले, तर शनिवारी डेल्फसच्या सामन्याला माझ्या शेजारी बस. नाही आले, तर स्टँडमध्ये बसून पॉपकॉर्न खा."

डेल्फस म्हणजे टेकडीपलीकडचे आमचे जुने वैरी; तो सामना म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. त्या आठवड्यात आमच्याकडे लग्नं ठेवत नाहीत.

आता बुधवारचा कार्यक्रम होतो लियोनाआजीच्या खानावळीतून. पायऱ्या चढून गेलं की डावीकडे केकचं कपाट, त्याला लागून टेबल, टेबलावर मायक्रोफोन. पहिला अर्धा तास काका गप्पा मारतात, लोक फोन करतात. दुसऱ्या अर्ध्या तासाला खुद्द कोच क्लॉपफर येतात, आजीची चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनी रोल खातात आणि गोल गोल उत्तरं देतात. म्हणजे गावातले झाडून सगळे एकतर आजीच्या खानावळीत, नाहीतर रेडिओला कान लावून. एवढ्या लोकांपुढे मी काहीतरी नवीन सांगायला हवं. झालेले सामने सगळ्यांनीच पाहिलेत. मग नवीन ते काय? सराव!

पण सराव बघायला बंदी. कोचनी मैदानाभोवती हिरवी ताडपत्री बांधलीय. पक्षी आत जाताना दबकतो, म्हणतात.

ताडपत्री चहूबाजूंनी होती, वरून नव्हती. मंगळवारी दुपारी मी माझ्या खोलीतल्या जोडीदाराची, एमेटची, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि शेतकी विभागाच्या सायलोची, म्हणजे धान्याच्या उंच कोठाराची, शिडी चढलो. एमेट पक्षी बघतो त्या दुर्बिणीतून. तोही टीममध्ये आहे, पण नुसता नावाला. सामन्यात उतरणं दूरच, त्याला बसायलाही बाकाचं टोक मिळतं.

वर वारा असा की एका हातानं शिडी, एका हातानं दुर्बीण आणि दातांत टोपी. पण जे दिसलं ना, त्यानं टोपी सुटली. आमचा क्वार्टरबॅक पास टाकत होता, समोर गडद शर्टवाला बचाव, आणि त्यात चोवीस नंबर! झेलणारा गडी आत वळल्याचं सोंग करायचा, चोवीस नंबर आत झेपावायचा. गडी बाहेर सटकायचा, आणि चोवीस नंबर जागच्या जागी बुडावर. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकदा तर सोंग पुरतं करायच्या आधीच पडला. बचाव कसला, भगदाड होतं ते! त्यातून कापणीची कम्बाइन गेली असती.

आणि चोवीस नंबर म्हणजे कोण? डेरिक ड्राइलिंग. आमचा सगळ्यात नावाजलेला कॉर्नर, गावाच्या गळ्यातला ताईत. मला तो जरा आखूड वाटला, नाही असं नाही. पण उंचावरून सगळेच आखूड दिसतात, असं मी स्वतःला समजावलं.

डेरिक हा लियोनाआजीचा सख्खा नातू. हेही मला माहीत होतं. पण तज्ज्ञाला नातीगोती नसतात.

बुधवारी खानावळ खच्चून भरलेली. काकांनी मायक्रोफोन माझ्याकडे सरकवला आणि मी सुटलो. आत सोंग, बाहेर सटकणं, बुडावर पडणं, सगळं साग्रसंगीत. शेवटी म्हणालो, "मंडळी, शनिवारी आपल्याला धोका डेल्फसचा नाही. आपल्याला धोका चोवीस नंबरचा आहे. त्याला बसवा, नाहीतर त्याच्या बाजूला कुंपण घाला."

खानावळीतले सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी चमचा खाली ठेवला, तोही हळूच.

मग फोन खणखणायला लागले. पहिला एक शेतकरी. "बर्ल, मी कम्बाइनवर आहे. हा पोरगा बोलला आणि माझी ओळ वाकडी गेली. खरं बोलतोय का तो?"

"तज्ज्ञ आहे म्हणतोय," काका म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. फोनचे सगळे दिवे पेटले होते. "पुढचा कॉल. बोला, कुठून बोलताय?"

"स्वयंपाकघरातून," आवाज आला.

हा आवाज आम्हाला दोनदा ऐकू आला. एकदा फोनमधून आणि एकदा माझ्या पाठीमागच्या दारातून.

"लियोना," काका जपून म्हणाले, "अगं, तू दहा पावलांवर आहेस. बाहेर येऊन बोल की."

"बाहेर आले तर हातात झारा असेल. म्हणून फोन केला. त्या मुलाला विचार, आमचा डेरिक कधी पडला?"

"आजी, मी माझ्या डोळ्यांनी..."

"तुझ्या डोळ्यांत मिरची घालते, थांब. गेल्या पाच वर्षांत तो पोरगा फक्त एकदा पडला, तोही माझ्या धुतलेल्या फरशीवर."

काकांनी घाईघाईनं जाहिराती लावल्या. बी-बियाण्यांची जाहिरात सुरू झाली आणि नेमका तेव्हाच एमेट आत आला. खुशीत होता. माझ्या ताटातला रोल उचलून म्हणाला, "लेका, काल सांगायचं राहिलंच. तू कानाला हेडफोन लावून भाषण पाठ करत होतास. कोचनी काल माझी पाठ थोपटली!"

"का?"

"म्हणाले, हुबेहूब पडलास."

म्हणजे काल एमेट नकली टीममधून खेळत होता! आता नकली टीम म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. इथं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ज्यांना सामन्यात खेळवत नाहीत अशी पोरं सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेतात. त्यांचेच नंबर घालतात, त्यांच्याच लकबी उचलतात, म्हणजे आपल्या खऱ्या गड्यांना सवय होते. पण तो प्रकार बुधवारी असतो. मंगळवारी खरे विरुद्ध खरे. वर्षानुवर्षं असंच आहे.

"आज वादळाचा अंदाज होता ना," एमेट रोल चावत म्हणाला, "म्हणून कोचनी दिवस उलटे केले. डेल्फसचा त्या बाजूचा कॉर्नरही चोवीस नंबरच. आतल्या सोंगाला प्रत्येक वेळी फसतो आणि आपटतो. शनिवारी आपला सगळा डाव त्याच्यावरच आहे. काय झालं? तुझा चेहरा असा का झालाय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं आणि कोच क्लॉपफर आत आले. गाडीत त्यांनी रेडिओ ऐकला होता, हे त्यांच्या मानेच्या शिरेवरून कळत होतं. ते माझ्या शेजारी बसले. ओठ न हलवता बोलले.

"सायलो?"

"हो, कोच."

"आत सोंग, बाहेर सटकणं. सांगितलंस?"

"हो, कोच."

"बुडावर पडतो, हेही?"

"दोनदा सांगितलं, कोच."

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "डेल्फसवाले हे ऐकतात. आपल्या डेरिकला ते चांगले ओळखतात, तो असा पडत नाही हे त्यांना माहीत आहे. मग त्या पोरानं पाहिला तो कोण, असा प्रश्न त्यांना पडेल. आणि मग स्वतःचा चोवीस नंबर त्यांना आठवेल. महिन्याभराचा डाव गेला."

"मी माफी मागतो, कोच. आत्ता, रेडिओवर."

"खबरदार. तू बोललास ते खरं. आपलाच डेरिक पडतो. मी सांगेन तोवर तो पडतो. समजलं?"

जाहिराती संपल्या. काका म्हणाले, "कोच, आमच्या तज्ज्ञांनी जरा खळबळ उडवलीय. तुमचं मत?"

कोच मायक्रोफोनकडे झुकले. "मुलगा बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "चोवीस नंबरची आम्हाला फार काळजी वाटते."

स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. हातात झारा होता.

"कोच, रविवारी माझ्याकडे रोल खाताना काय म्हणालात? असा कॉर्नर तुमच्या उभ्या जन्मात पाहिला नाही म्हणालात ना?"

"तसं म्हणालो, लियोनाबाई. पण कोणत्या अर्थानं ते सांगितलं नव्हतं."

आणि नशीब बघा, तेवढ्यात खुद्द डेरिक आला. आजीकडून डबा न्यायला. सहा फूट दोन इंचाचा तो देह दारात मावत नव्हता. गाडीत पोरगा गाणी ऐकतो, त्यामुळे त्याला कशाचाच पत्ता नाही. कोचनी त्याला कोपऱ्यात नेलं, कानात काहीतरी पुटपुटले आणि आणून मायक्रोफोनपुढे उभा केला. डेरिक फार आज्ञाधारक. कोच म्हणाले भिंतीत शिर, तर तो फक्त कुठल्या, एवढंच विचारेल.

"डेरिक," काकांनी विचारलं, "तू पडतोस, असं कळलं."

"हो. मी पडतो."

"पण का पडतोस, बाळा?"

हे कोचनी शिकवलं नव्हतं. डेरिकनं छताकडे बघितलं, आजीकडे बघितलं, मग म्हणाला, "आवडतं मला."

आजी मटकन खुर्चीवर बसली.

पुढचे दोन दिवस गावानं डेरिकला जगू दिलं नाही. चांभारानं त्याला असे खिळ्यांचे बूट दिले की तो वाण्याच्या दुकानात लाकडी फरशीला रुतून बसला. नाचाच्या बाई त्याला तोल शिकवायला घरी आल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत त्याच्या घोट्यांचा नावानं उल्लेख केला. न्हाव्यानं केस कापता कापता सांगितलं, डोकं हलकं केलंय, आता पडणार नाहीस.

आणि आजी? दर शुक्रवारी ती टीमला जेवू घालते. कोबी आणि खिमा भरलेले गरमागरम बिरॉक पाव, डोंगरभर. त्या शुक्रवारीही आले. कोचनी पहिला फोडला. आत काहीच नाही. दुसरा फोडला. तोही पोकळ. टोपलीवर चिठ्ठी नव्हती, पण आजी स्वतः उभी होती. म्हणाली, "मधे भगदाड आहे म्हणता ना? मग भगदाडच खा."

टीम उपाशी झोपली, आणि मला मात्र खुर्ची मिळाली. काका म्हणाले, एवढे फोन गेल्या गारपिटीतही आले नव्हते.

कोचनी मला शनिवारी सकाळी गाठलं. "बूथमध्ये बसणार ना? डेल्फसवाल्यांच्या खोलीत रेडिओ चालू असणार. तू डेरिकला नावं ठेवत राहायचं. त्यांनी तिकडे पास टाकेपर्यंत थांबायचं नाही. डेरिक एकेक चेंडू पकडेल, गाव बघेल, आजी बघेल, सगळं मिटेल."

केवढी सुंदर योजना. मला रडूच यायचं बाकी होतं.

बूथमध्ये बसलो. खाली सगळं स्टेडियम. आमच्याकडे लोक सामना डोळ्यांनी बघतात आणि कानाला रेडिओ लावून ऐकतात, काकांनी सांगितल्याशिवाय त्यांना खरं वाटत नाही. तिसऱ्या रांगेत लियोनाआजी. मांडीवर रेडिओ, रेडिओवर टॉवेल.

मी सुरुवात केली. "मंडळी, चोवीस नंबरची बाजू आज फारच कमकुवत दिसतेय."

डेल्फसनं पास टाकला. दुसऱ्या बाजूला.

"चोवीस नंबर जांभई देतोय, मंडळी."

पुन्हा दुसऱ्या बाजूला. बूथमधला फोन वाजला. मैदानाच्या कडेवरून कोच होते. "जोरात बोल."

मी आवाज चढवला. "या बाजूनं घरातलं कपाटसुद्धा नेता येईल. चोवीस नंबरचा डोळा लागलाय. चोवीस नंबरला वारा लागला तरी पडेल."

टाकतच नव्हते. मधे टाकले, पलीकडे टाकले, एकदा तर थेट बाकावरच्या पाण्याच्या पिंपात टाकला, पण डेरिककडे नाही. तिसऱ्या रांगेतून टॉवेल बाजूला झाला आणि आजीनं सावकाश मान वळवून बूथकडे बघितलं. तिच्या मागोमाग चौथ्या रांगेनं. मग सगळ्याच रांगांनी. खाली डेरिक एकटा उभा, दोन्ही हात कमरेवर, हंगाम संपल्यावर शेतात राहिलेल्या बुजगावण्यासारखा. त्याच्याकडे चेंडू येईना, तो पकडेना, आणि माझं तोंड बंद होईना. काका मायक्रोफोनवर हात ठेवून म्हणाले, "अरे, पोराला जरा श्वास घेऊ दे."

"मला परवानगी नाही, काका."

सामना आम्ही जिंकला. शेवटच्या मिनिटात डेल्फसचा चोवीस नंबर आतल्या सोंगाला फसला, एमेटसारखाच हुबेहूब आपटला, आणि आमचा गडी चेंडू घेऊन पार गेला. आतषबाजी, घंटा, सगळं. मी धावत मैदानात उतरलो. दोन्ही कोच हात मिळवत होते. आमच्या कोचना राहवेना.

"एक विचारू? आमच्या चोवीसकडे एकदाही का नाही टाकलात?"

"त्या ड्राइलिंगकडे?" डेल्फसचे कोच म्हणाले. "मला नोकरी टिकवायची आहे हो. ज्याच्याकडे चेंडू टाकला की परत मिळत नाही, त्याच्याकडे कोण टाकेल?"

"पण रेडिओवर..."

"कुठला रेडिओ?"

"आमचा. बुधवारी ऐकला नाहीत?"

"तुमचं स्टेशन टेकडीच्या अलीकडेच संपतं. आम्हाला त्या आकड्यावर गुरांचे बाजारभाव ऐकू येतात. का, काही विशेष होतं?"

कोच क्लॉपफर माझ्याकडे वळले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "नोलन, म्हणजे हे सगळं फक्त आपल्याच गावानं ऐकलं."

आता खरं सांगायला हरकत नव्हती. सामना संपला होता, डाव उघड झाला होता. आम्ही सांगितलं. कोचनी सांगितलं, एमेटनं रस्त्यात पडून दाखवलं, मी काकांच्या मायक्रोफोनवर शपथ घेतली. पण गावाला पटेना. लोक म्हणाले, कशाला झाकपाक करताय, डेरिकनं दिवसभरात एक चेंडू अडवला का? नाही. मग? हा नोलन आधीच सांगत होता.

"अहो, कॉर्नर एवढा चांगला आहे, म्हणून तिकडे कुणी पास टाकतच नाही," मी न्हाव्याला कळवळून सांगितलं.

"हो का," न्हावी म्हणाला. "माझ्याकडेही आजवर कुणी टाकला नाही."

थोडक्यात काय, मी जेवढं नाही नाही म्हणालो तेवढा गावाच्या नजरेत मोठा झालो. खरं माहीत असून पोराच्या भल्यासाठी खोटं बोलतोय, केवढं ते मन. काकांनी खुर्ची मला कायमची देऊन टाकली. रस्त्यात लोक थांबवून विचारतात, कुणाला बसवायचं. मी गावाचा अधिकृत तज्ज्ञ झालो.

आजीनं एमेटला माफ केलं, तो तर फक्त पडला होता. कोचना माफ केलं, आता त्यांच्या बिरॉकमध्ये खिमा असतो. डेरिकला तर जवळ घेऊन दोन रोल जास्त दिले. मला मात्र खानावळीत बंदी आहे. आणि बुधवारचा कार्यक्रम तर तिथूनच होतो.

म्हणून हल्ली बुधवारी मी खानावळीबाहेर, काकांच्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसतो. खिडकीच्या फटीतून तार बाहेर येते, तिच्या टोकाला माझा मायक्रोफोन. आत चिलीचा वास, बाहेर आमच्या कॅन्ससचा वारा. तज्ज्ञ बोलत असताना रेडिओत जी सूं सूं ऐकू येते ना, तो बिघाड नाही, ते हवामान आहे. आणि मधेच माझा आवाज तुटतो, त्याचं कारण म्हणजे तार सांभाळायला आजीनं डेरिकला बसवलंय.

पासच्या बचावाचा विषय निघाला की तो ती ओढतो.